बोळाची खोली

माझ्या दोघा नातवंडांनो,

गेल्या आठवड्यात फोनवर तुम्ही सांगितलंत की तुमच्या शहरात धुरक्यामुळे शाळा बंद आहेत आणि खिडक्या लावून घरात बसायला सांगितलं आहे. मग धाकटीने विचारलं, "आजी, तुमच्या वेळी असं काही नव्हतं ना?" मी पटकन "नव्हतं" म्हणाले. फोन ठेवल्यावर ते उत्तर मला खरं वाटेना. 'प्रदूषण' हा शब्द तेव्हा आमच्या तोंडी नव्हता, एवढंच खरं. धूर होता, आणि त्या धुराने आमच्या घरातलं एक माणूस नेलं. ती तुमच्या आजोबांची धाकटी बहीण. आजोबा होते तोवर घरात तो विषय निघत नसे, म्हणून तुम्हाला तिच्याबद्दल कोणी सांगितलं नाही. आता आजोबा नाहीत, आणि त्या गल्लीत राहिलेलं माझ्याशिवाय या घरात कोणी उरलेलं नाही. म्हणून क्रमाने लिहून ठेवते.

आधी गल्ली कशी होती ते सांगते, कारण पुढचं सगळं त्यावरच आहे. नगरच्या जुन्या भागात, कापडबाजाराच्या मागच्या अंगाला आमचं घर होतं. गल्लीत शिरायचं ते दक्षिणेकडून. उत्तरेला ती एका उंच भिंतीला जाऊन संपायची. दोन्ही बाजूंना दुमजली घरं, एकमेकांना चिकटलेली, भिंती सामायिक. भरलेल्या घागरी घेतलेल्या दोघी समोरासमोर आल्या तर एकीला अंग चोरून उभं राहावं लागे, एवढीच रुंदी. घरांच्या पाठीला व्यापाऱ्यांची गोदामं टेकलेली होती, त्यामुळे मागच्या बाजूला कोणाच्या घराला खिडकी नव्हती. उजेड आणि वारा, जो काय मिळायचा तो, गल्लीतूनच.

या सगळ्या दगडविटांत एकच फट होती. पश्चिमेच्या रांगेत आमचं घर आणि शेजाऱ्यांचं घर यांच्यामध्ये एक बोळ होता. त्यातून एक बैल गेला असता, गाडी गेली नसती. दोन गोदामांच्या मधून तो मागच्या पडीक मैदानात निघायचा. नगरचा वारा बहुतेक पश्चिमेचा. तो मैदानावरून यायचा, बोळात शिरला की अरुंद जागेमुळे त्याचा जोर वाढायचा आणि मग तो गल्लीत घुसून दक्षिणेच्या तोंडाने बाहेर पडायचा. हे मी आज इतकं नीट लिहिते आहे. तेव्हा आमच्यापैकी कोणी याचा विचार केला नव्हता, एका माणसाशिवाय.

गॅस तेव्हा गल्लीत एखाद्याच घरी होता. बाकी सगळ्यांचा स्वयंपाक कोळशाच्या शेगडीवर. शेगडी पेटवताना खाली गोवऱ्यांचे तुकडे, वर कोळसे आणि चमचाभर रॉकेल. ती धुमसायची थांबून निखारे लाल होईपर्यंत घराबाहेर ठेवायची. आमच्या गल्लीत सगळ्या बायका आपापल्या शेगड्या बोळाच्या तोंडाशी नेऊन ठेवत, कारण तिथे वाराच भात्याचं काम करी. फुंकणी लागायची नाही की पंखा. सकाळी नळाचं पाणी भरून झालं की तिथे शेगड्यांची रांग लागे आणि जागेवरून रोज बोलाचाली होत.

"रोज बरी मधली जागा धरतेस? वारा काय तुझ्या माहेरून येतो?"

"येतो की. तुझ्या माहेरचं कधी काही येताना दिसलं नाही, म्हणून म्हटलं माझंच वापरू सगळ्यांनी."

अशी थट्टा चाले तोवर निखारे तयार होत. पण सगळ्या गल्लीच्या शेगड्या तिथेच धुमसत असल्यामुळे बोळाच्या तोंडाच्या भिंती काळ्या झाल्या होत्या, आणि येणारा-जाणारा तिथे नाकाला पदर लावून चाले. लोक त्याला 'धुराचा बोळ'च म्हणत. गल्लीत धूर येतो तो या बोळातून, ही सगळ्यांची पक्की समजूत होती.

तुमच्या आजोबांच्या बहिणीला मी वन्सं म्हणत असे. मी लग्न होऊन आले तेव्हा त्यांनी नुकतीच विशी ओलांडली होती. त्यांना लहानपणापासून दमा होता. त्यामुळे लग्नाची बोलणी एक-दोनदा होऊन थांबली आणि पुढे कोणी विषय काढला नाही. आमच्या खालच्या खोलीची एक खिडकी बोळात उघडायची. तिच्याशी हाताने चालवायचं शिलाई मशीन मांडून त्या गल्लीतल्या बायकांची पोलकी शिवत. जीभ मोठी तिखट होती. माप देताना कोणी अंग आवळून उभी राहिली तर म्हणत, "श्वास सोडा, मावशी. घेता येतो तोवर घ्यावा माणसाने." इतर माणसं पाण्याची चव ओळखतात तशी त्यांना हवा ओळखू येई. गल्लीच्या तोंडाशी चुरमुरे-फुटाण्यांची भट्टी होती. वारा पडणार असला की त्या आधीच सांगायच्या, आज भट्टीचा धूर आत येईल, वाळत घातलेले कपडे काढा. आणि तो यायचा.

मग बहात्तरचा दुष्काळ आला. कर्जतकडच्या गावांतून माणसं शहरात येऊ लागली. आमच्या शेजाऱ्यांचा एक चुलतभाऊ, त्याची बायको आणि म्हातारी आई असे तिघे आले. विहिरी आटल्या होत्या, बैल छावणीत सोडून आले होते. तो माणूस खडी फोडायच्या कामावर जाऊ लागला. बायको शेजाऱ्यांच्या ओट्यावर रेशनवर मिळणाऱ्या तांबड्या मिलो ज्वारीच्या भाकरी थापी, आणि तिघं तिथेच झोपत. शेजारी सज्जन गृहस्थ होते. त्यांनी ठरवलं की बोळ मागून भिंत घालून बंद करायचा, वर पत्रे टाकायचे, पुढे दार बसवायचं. एक लांबट खोली तयार होईल. बोळ अर्धा त्यांचा, अर्धा आमचा होता. म्हणून ते मामंजींना, म्हणजे तुमच्या पणजोबांना, विचारायला आले. मामंजींनी बसल्या जागी होकार दिला. वर आमच्याकडे पडलेले दगडही न्यायला सांगितले. गल्लीतही सगळ्यांना ते पसंत पडलं. गरिबाला आसरा मिळेल आणि धुराचा बोळही एकदाचा बुजेल.

फक्त वन्सं बोलल्या. शेजारी गेल्यावर त्या मशीनवरून उठून वडिलांसमोर उभ्या राहिल्या.

"दादा, बोळातून धूर येत नाही. वारा येतो. धूर आपल्या शेगड्यांचा असतो, वारा तो बाहेर ढकलतो. बोळ बुजला तर ढकलायला कोण?"

मामंजी तापट नव्हते. शांतपणेच म्हणाले, "तीन माणसं उघड्यावर झोपताहेत, आणि तू वाऱ्याचं बोलतेस?"

 वन्सं स्वयंपाकघरात येऊन मला म्हणाल्या, "दादांना काय उत्तर द्यायचं, वहिनी? त्यांचंही बरोबरच आहे." मी तुमच्या आजोबांपाशी विषय काढला. मी मुलींच्या शाळेत इंग्रजी शिकवत असे आणि शिक्षिकेच्या प्रशिक्षणात आम्हाला आरोग्याचं एक पुस्तक होतं. समोरासमोर खिडक्या असल्याशिवाय खोलीत हवा खेळत नाही, असं त्यात चित्र काढून दाखवलं होतं. गल्ली ही एक मोठी खोलीच नाही का, असं मी त्यांना विचारलं. ते म्हणाले, पाऊस पडला की माणसं गावाला परत जातील. काही महिन्यांचा प्रश्न आहे.

खोली झाली. वन्संची खिडकी आता दुसऱ्याच्या घरात उघडणार, म्हणून तीही विटांनी बुजवली. त्यांनी मशीन गल्लीकडच्या दाराशी आणून मांडलं.

उन्हाळ्यात फारसं जाणवलं नाही. ऊन तापलं की हवा आपोआप वर चढे. थंडी सुरू झाली आणि गल्ली बदलली. बोळ गेल्यामुळे प्रत्येक बाई शेगडी आपल्या दाराशी पेटवू लागली. पंखा घेऊन बसावं लागे आणि निखारा व्हायला दुप्पट वेळ. कोळसाही धड मिळत नव्हता. जनावरं छावण्यांत, त्यामुळे गोवऱ्या महाग. लोक भुसा, उसाची चिपाडं, जुन्या वहाणासुद्धा जाळत. एका सकाळी मी कपडे वाळत घालायला गच्चीवर गेले. वर चांगला वारा होता, ओलं पातळ हातात धरवत नव्हतं. खाली वाकून पाहिलं तर गल्लीत धूर जसाच्या तसा. हलत नव्हता. पातेल्यावर झाकण ठेवावं तसा वारा गल्लीवरून निघून जात होता, आत उतरत नव्हता. दोन्ही बाजूंना एवढ्या भिंती असताना तो उतरणार तरी कसा? त्याची उतरायची वाटच आम्ही बांधून काढली होती.

त्या धुराच्या तळाशी आमच्या दारात वन्सं बसल्या होत्या. दोन्ही हात मशीनच्या फळीवर टेकून, खांदे वर उचलून श्वास घेत होत्या. मला अजूनही त्या तशाच दिसतात.

तो हिवाळा त्यांनी कसाबसा काढला. डॉक्टर घरी येऊन इंजेक्शन देत. जाताना एकदा त्यांनी आजोबांना बाजूला घेऊन सांगितलं की औषधाने होईल तेवढं करतो, पण हिला या गल्लीत ठेवू नका. मामंजींनी ते ऐकलं आणि न ऐकल्यासारखं केलं. त्यांचं दुकान गल्लीच्या तोंडाशी होतं. त्यांचा जन्म त्या घरात झालेला. शिवाय घर बदलायचं म्हणजे, बोळाला होकार दिला ते चुकलं असं चारचौघांत म्हणण्यासारखं होतं. गावाबाहेर सावेडीला तेव्हा नुसती शेतं होती, तरी काही लोक तिकडे प्लॉट घेऊ लागले होते. आजोबांनी तो विषय काढला की मामंजी पानाचा डबा ओढून घेत आणि बोलणं संपे.

मग आजोबा शेजाऱ्यांकडे गेले. मागच्या भिंतीला निदान एक खिडकी ठेवा, म्हणाले. शेजाऱ्यांनी नकार दिला. मागच्या मैदानात तेव्हा गावोगावची माणसं उतरली होती. तरणी सून असलेल्या घराला तिकडे खिडकी कशी ठेवायची, हा त्यांचा प्रश्न. शेवटी वर, पत्र्याच्या खाली, चार विटा काढून भोक ठेवायचं ठरलं.

त्या भोकाचा उपयोग समोरचं दार उघडं असलं तरच होता. वारा भोकातून शिरून दाराने गल्लीत यायला हवा. हे कोणी त्या खोलीतल्या सुनेला समजावून सांगितलं नव्हतं. तिचं एक पोलकं वन्संनी शिवायला घेतलं होतं, त्यावरून दोघींचं बोलणं सुरू झालं होतं. एके दिवशी दार उघडं असताना आपल्याला बरं वाटलं, एवढंच वन्सं तिला म्हणाल्या. दुसऱ्या दिवसापासून तिने दार सकाळपासून उघडं ठेवायला सुरुवात केली. पश्चिमेचा वारा म्हणजे नुसती हवा नव्हे. मैदानावरची सगळी धूळ त्याच्याबरोबर यायची, पिठात पडायची, तिची भाकर कचकच लागायची. ती परात कोपऱ्यात नेऊन, वाऱ्याकडे पाठ करून, अंगाचा आडोसा धरून पीठ मळायची. वन्संनी तिला सांगितलं की असं करू नकोस, सासू रागावेल.

ती म्हणाली, "रागावंल तर रागावंल, ताई. तुमचा वारा आमी अडवला न्हवं? मग त्याला जाया-यायाला वाट नगं का?"

तो उन्हाळा आणि पावसाळ्याचा आरंभ वन्संना बरा गेला. गल्लीत धूर पूर्वीसारखा निघत नव्हता, पण आमच्या दाराशी थोडी हालचाल असे. त्या पुन्हा थट्टा करू लागल्या होत्या. मग बोलणं उठलं. सून दिवसभर दार उघडं टाकून बसते, भट्टीवरची माणसं येता-जाता आत पाहतात, असं कोणीतरी शेजाऱ्यांच्या कानावर घातलं. शेजाऱ्यांनी भावाला सांगितलं. त्यानंतर ते दार बंद दिसू लागलं. ती पाण्याला बाहेर यायची तेव्हा आमच्या दाराकडे पाहत नसे. वन्सं तिच्याबद्दल कधी वाकडं बोलल्या नाहीत. दुसऱ्या कोणी बोललं तर तेवढ्यापुरतं मशीन जोरात फिरवायच्या.

त्या वर्षी पाऊस बरा झाला. पण ती माणसं गावाला परत गेली नाहीत. सुनेच्या नवऱ्याला एका टेम्पोवर काम मिळालं होतं आणि म्हातारीला आता शहराची सवय झाली होती. राहत्या माणसांना निघा म्हणायचं कोणी? खोली कायमची झाली. हे लक्षात आल्यावर आजोबांनी वडिलांना न विचारता एक गोष्ट केली. वन्संना त्यांनी देवळाली प्रवऱ्याला मावशीकडे नेऊन सोडलं. मावशीचं घर मळ्यात होतं. चारी बाजूंनी ऊस आणि पाटाचं पाणी. तिथे त्यांना महिनाभरात एकदाही इंजेक्शन लागलं नाही. मी भेटायला गेले तेव्हा त्या पाटाच्या कडेने माझ्यापुढे चालत होत्या, आणि मला म्हणाल्या, "वहिनी, दम लागला का? बसू या थोडं." त्या दिवशी आम्ही दोघी खूप हसलो. इलाज सापडला होता. तो नुसता चालू ठेवायचा होता.

पण दिवाळी आली. आमच्याकडे बहीण भाऊबीजेला भावाला ओवाळते. लग्न झालेली माहेरी येते, न झालेली तर घरातच असते. लग्न न झालेली मुलगी सणासुदीला परक्या घरी, हे मामंजींना सहन होईना. लोक काय म्हणतील, हिला घराबाहेर काढली? ते आजोबांना म्हणाले, "भाऊबीजेपुरती घेऊन ये. ओवाळेल आणि जाईल." आजोबांनाही बहिणीविना पाटावर बसवत नव्हतं. मावशीने सुचवलं होतं की भावानेच इकडे यावं, मळ्यात ओवाळून घ्यावं. मीही तेच म्हटलं. पण भाऊबीज स्वतःच्या घरी, स्वतःच्या पाटावर, असं आमच्या घरचं चालत आलेलं होतं. आजोबा जाऊन बहिणीला घेऊन आले.

त्या आनंदाने आल्या. गाल भरले होते. येताना माझ्यासाठी मळ्यातले पेरू आणि मेथी आणली होती. दिवाळीचे दिवस म्हणजे घरोघरी कढया चढलेल्या, शेगड्या सकाळपासून रात्रीपर्यंत पेटलेल्या, त्यात फटाक्यांची दारू. हवा थंड होती आणि एक पान हलत नव्हतं. पहिल्याच रात्री त्यांचा श्वास वाजू लागला. आजोबा म्हणाले, उद्या सकाळीच परत जाऊ. त्या म्हणाल्या, "एवढी आले ती कशासाठी? ओवाळते आणि मग जाते."

भाऊबीजेला त्यांनी ओवाळलं. निरांजनाचं ताट जड झालं म्हणून मी खालून हात दिला. आजोबांनी ओवाळणी घातली. मग त्या भिंतीला टेकून बसल्या आणि मला म्हणाल्या की ते दार जरा उघडायला सांगता का. त्या खोलीचं दार, हे मला कळलं. मी धावत गेले. त्या सुनेने काही न विचारता दोन्ही फळ्या सताड उघडल्या आणि पदर खोचून दाराच्या बाजूला, भिंतीला चिकटून उभी राहिली, वाऱ्याच्या आड येऊ नये म्हणून. पण त्या दिवशी वाराच नव्हता. तिच्या दारावरचं तोरणसुद्धा हललं नाही. डॉक्टर आले तोवर वन्संचे ओठ निळे पडले होते. दुपार व्हायच्या आत सगळं संपलं.

 मामंजींनी सावेडीच्या प्लॉटच्या कागदावर सही केली ती तेरावं झाल्यावर. नवीन घराला चारी बाजूंनी मोकळी जागा सोडली, प्रत्येक खोलीला समोरासमोर खिडक्या ठेवल्या. मामंजी त्या घरात राहायला आले खरे, पण आपल्या खोलीची पश्चिमेची खिडकी त्यांनी कधी उघडली नाही. मी एकदा उघडली, तर उठून बंद केली. आजोबा नंतर कधी भाऊबीजेला पाटावर बसले नाहीत. चुलत बहिणी बोलवत, तर काम काढून बाहेरगावी जात. तुमच्या बाबांना वाटे, वडिलांना सण आवडत नाहीत.

कोणाला दोष द्यावा हे मला एवढ्या वर्षांत ठरवता आलेलं नाही. घर नसलेल्याला घर दिलं, मुलीला सणाला घरी आणलं. वाईट म्हणावं असं कोणीच काही केलं नाही. तुम्ही मोठ्या शहरात, उंच इमारतींच्या मधल्या रस्त्यांवर राहता. तिथे कोणी कशासाठी तरी एक भिंत घालतं, त्यालाही कारण चांगलंच असतं. आत कोण बसलं आहे, हे त्या वेळी दिसत नाही.

मागच्या वर्षी तुमच्या बाबांबरोबर मी त्या गल्लीत जाऊन आले. आमचं घर पाडून तिथे दुकानांची इमारत झाली आहे. गोदामं गेली, मैदानावरही घरं झाली. बोळाची खोली मात्र आहे. पत्रे जाऊन वर दोन मजले चढले आहेत, आणि त्यात त्याच माणसांची मुलं-नातवंडं राहतात.